तीन शिवारांचे गाव

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टन गावाचा नकाशा पुरा केला. नऊ चर्मपत्रे जोडून केलेला हा भलामोठा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. लॅक्स्टन हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातले, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेचे एक लहानसे खेडे. पिअर्सने त्याचे घर न् घर टिपले, परसे, कुरणे, झाडी, रस्ते दाखवले. पण बघणाऱ्याची नजर खिळते ती गावाभोवतीच्या शेतांवर. चटईच्या काड्या एकमेकींना खेटून बसाव्यात तशा दोन हजारांहून जास्त अरुंद, लांबट पट्ट्या त्याने एकेक करून आखल्या आहेत. मध्येच चिमुकली माणसेही काढली आहेत. कुणी नांगर हाकतो आहे, कुणी पीक कापतो आहे, आणि पलीकडच्या रानात हरणाची शिकार चालली आहे.

असे नकाशे त्या काळात आणखीही गावांचे झाले. लॅक्स्टनची गोष्ट वेगळी आहे ती अशी, की या नकाशातली शेती अजून चालू आहे. पट्ट्यांची संख्या घटली, त्या रुंद झाल्या, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. पण तीन मोठी शिवारे, त्यांत कुणाचेही कुंपण नसणे, सगळ्या गावाने मिळून पाळायची पीकपाळी आणि बांधाचे तंटे जागच्या जागी मिटवणारे गावचे न्यायालय, हे सारे तसेच आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातली बहुतेक गावे याच रीतीने शेती करत. डेव्हनमधल्या ब्राँटन गावी आणि लिंकनशायरच्या ॲक्सहोम भागात अशा पट्ट्यांचे अवशेष आजही दिसतात. मात्र पट्ट्या, पाळी आणि न्यायालय अशी तिन्ही अंगे शाबूत असलेले गाव इंग्लंडात हे एकच.

ते का उरले, हा या लेखाचा प्रश्न आहे. वारसा जपण्याची थोर जाणीव हे त्याचे उत्तर असते तर गोष्ट लवकर संपली असती. प्रत्यक्षात लॅक्स्टन आधी वाचले ते मालकांच्या भांडणामुळे आणि चालढकलीमुळे. नंतर टिकले ते शेजाऱ्याच्या नांगरावर लक्ष ठेवण्याच्या कुळांच्या जुन्या सवयीमुळे.

मालकाची जहाजे गोव्याच्या वाटेवर

नकाशा करवून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टीन. त्याचा बाप फ्लँडर्समधून धर्मछळाला कंटाळून लंडनला आलेला निर्वासित. पोराने कापडाच्या व्यापारात एवढा पैसा केला, की राजे जेम्स आणि चार्ल्स यांना तो भल्यामोठ्या रकमा कर्जाऊ देऊ लागला. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर १६२७ साली इंग्रजांची वसाहत उभी राहिली, तीही त्याच्याच पैशावर. अशा माणसासाठी लॅक्स्टन म्हणजे पेढीच्या वहीतली एक बाब. जमीन किती, कुळे कोण, खंड किती येतो, हे बसल्या जागी कळावे म्हणून त्याने मोजणीदार लावला. नकाशासोबत नोंदवहीही तयार झाली, आणि तुकड्यागणिक कोणाची वहिवाट आणि किती क्षेत्र हे तीत लिहिले गेले.

त्याच १६३५ सालात कोर्टीनचे दुसरे एक काम चालू होते, आणि ते आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचते. जानेवारीत सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख विल्यम मेथवोल्ड आणि गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय यांच्यात तह झाला आणि पोर्तुगीज बंदरे इंग्रज जहाजांना खुली झाली. पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. तरीही राजा चार्ल्सने कंपनीला डावलून कोर्टीनच्या मंडळीला परवाना दिला आणि नफ्यात स्वतःचा वाटा ठेवला. १६३६ साली कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली सहा जहाजांचा ताफा निघाला. चौदा वर्षांपूर्वी होर्मुझ बेट पोर्तुगीजांकडून हिसकावण्याच्या मोहिमेत हाच वेडेल होता. आता तो पाहुणा म्हणून गोव्यात उतरला. ताफ्यावरच्या पीटर मंडी या व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत या प्रवासाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे.

गोव्याहून जहाजे पुढे चीनकडे गेली. १६३८ साली कोर्टीनच्या मंडळीने मिरीच्या व्यापारासाठी कारवारला वखार घातली. पुढे १६६५ साली शिवाजी महाराज कारवारवर आले, तेव्हा शहरावर बसलेल्या खंडणीत तिथल्या इंग्रजांनी ११२ पौंड भरले. तोवर किनाऱ्यावरचा इंग्रज व्यापार पुन्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. कोर्टीनला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. ताफा निघाला त्याच वर्षी तो वारला. राजाकडची कर्जे बुडीत गेली, पूर्वेच्या व्यापारात खोट आली, आणि वारस असलेला मुलगा कर्जबाजारी होऊन देश सोडून गेला. १६४०च्या सुमारास लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याच्या, म्हणजे किंग्स्टनच्या अर्लच्या, मालकीत आले. पुढची तीनशे वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. कोर्टीनचे गावातले आयुष्य जेमतेम काही वर्षांचे. पण त्याच्या हिशेबी स्वभावामुळे काढला गेलेला नकाशा पुढच्या प्रत्येक पिढीला पुराव्यासारखा उपयोगी पडला.

नकाशाच्या आधीचे गाव

१६३५ साली हे गाव तरुण नव्हते. विल्यम द कॉन्करर याने १०८६ साली करविलेल्या डूम्सडे बुकात त्याची नोंद आहे. नॉर्मन स्वारीच्या आधी गाव टोकी नावाच्या सरदाराकडे होते, नंतर ते जेफ्री ॲल्सलिन या नॉर्मनाकडे गेले. नवे मालक परके, त्यामुळे आधी बंदोबस्त हवा. गावाच्या उत्तरेला त्यांनी मातीचे उंच टेकाड रचले, भोवती खंदक आणि आवार केले. या मातीच्या किल्ल्याचे उंचवटे आजही गवताखाली स्पष्ट दिसतात, आणि नॉटिंगहॅमशायरातला या प्रकारचा हा सर्वांत चांगला टिकलेला किल्ला मानतात. पुढे गाव डी कॉ आणि मग एव्हरिंगहॅम घराण्याकडे आले. शेरवुडच्या राजरानाची राखणदारी या घराण्यांकडे वंशपरंपरेने होती. त्यामुळे या आडगावातून जंगलाचा कारभार चाले आणि राजदरबारात गावाचे नाव घेतले जाई.

गावातल्या सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम मंडळींच्या समाध्या आहेत. दगडी पुतळ्यांच्या शेजारी एका स्त्रीचा लाकडात कोरलेला पुतळा आहे. मध्ययुगातले असे लाकडी पुतळे इंग्लंडात मोजकेच उरले आहेत. किल्ला, जंगलाचे अधिकार आणि चर्च ही गावाची मानाची बाजू. पण ज्यासाठी माणसे आज लॅक्स्टनला येतात ती गोष्ट त्या सरदारांनी बांधलेली नाही. ती नांगरणाऱ्यांनी जमिनीवर आखलेली आहे.

पट्टी, शिवार आणि पाळी

लॅक्स्टनची जमीन तांबूस, चिकण आणि जड आहे. पावसाळी दिवसांत तिच्यात पाणी साचते, आणि एक-दोन बैलांचा नांगर तिच्यात चालत नाही. मध्ययुगात अशा जमिनीला आठ-आठ बैल जुंपत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून शेतकरी आपापली जनावरे एकत्र करत. लांबलचक जोत वळवणे कष्टाचे, तेव्हा तास जितके लांब तितके बरे. बैलांना वळायला जागा मिळावी म्हणून शेवटाकडे येताना ते थोडे आधीपासूनच कलते घेत. त्यामुळे जुन्या पट्ट्या सरळ नसून किंचित वळणदार असत. नांगराचा फाळ माती एकाच अंगाला लोटतो. तेव्हा पट्टीच्या मधोमध सुरुवात करून गोल गोल फिरत गेले, की मधे वरंबा तयार होतो आणि दोन पट्ट्यांच्या मधे सरी पडते. या सरीतून पाण्याचा निचरा होई आणि तीच शेजाऱ्यांमधली हद्दही ठरे.

अशा शेजारशेजारच्या पट्ट्यांचा गठ्ठा, अनेक गठ्ठ्यांचे एक शिवार, आणि गावाची अशी शिवारे चार: पश्चिमेचे, पवनचक्कीचे, दक्षिणेचे आणि पूर्वेचे. पूर्वेचे शिवार लहान असल्याने दुसऱ्या एका शिवाराबरोबरच कसले जाई, म्हणून व्यवहारात शिवारे तीनच. एका वर्षी एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव, वाटाणा, घेवड्याचे प्रकार, आणि तिसरे पड. पुढच्या वर्षी पाळी एका घराने सरके. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या असत, तेव्हा कोणतेही शिवार पड पडले तरी कुणाच्या घरी धान्याची पूर्ण टंचाई होत नसे. चांगली-वाईट जमीनही सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई.

पीक निघाले, की शिवार सर्वांच्या जनावरांना खुले. धसकटांवर मेंढरे-गुरे चरायची आणि त्यांचे खत जमिनीला मिळायचे. याचा अर्थ असा, की एखाद्याला वाटले म्हणून तो एकटाच वेगळे पीक घेऊ शकत नसे. सगळ्यांची पेरणी, कापणी आणि चराई एकाच वेळी झाली तरच गाडा चाले. शिवारातल्या ओलसर, उतरत्या सखल पट्ट्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. त्या नांगरायच्या नाहीत. तिथल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शतकानुशतके नांगर न लागल्याने या साइकांत जी रानफुले टिकली आहेत ती आसपासच्या शेतांत सापडत नाहीत. आता त्या जागांना निसर्गरक्षणाचा सरकारी दर्जा आहे. चुकार जनावरांसाठी गावात कोंडवाडा होता, आणि दंड भरल्याशिवाय जनावर सुटत नसे.

गावाची ठेवणही या शेतीतून आली आहे. इंग्लंडात इतरत्र मोठे शेतकरी आपापल्या जमिनीच्या मध्यावर घर बांधून राहतात. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरे आणि गोठे गावातल्या मुख्य रस्त्यालाच लागून आहेत आणि मागे लांबट परसे गेली आहेत. पट्ट्या चहूकडे पसरलेल्या, तेव्हा गावाच्या मधे राहणेच सोयीचे. शिवाय शेजारी सकाळी कितीला बाहेर पडला, त्याची पेरणी झाली की नाही, हे दारात उभे राहून दिसते. सगळ्यांची शेती एकमेकांत गुंतलेली असताना ही टेहळणी निरर्थक नव्हती.

देशभर कुंपणे उभी राहिली तेव्हा

ही व्यवस्था स्वर्ग होती, असे समजायचे कारण नाही. गावात पट्ट्या असणारे होते आणि फक्त मजुरी करणारेही होते. शेळ्या-मेंढ्या एकत्र चरत, त्यामुळे रोगही एकत्रच पसरत. कुणाला पड जमिनीत सलगम किंवा क्लोव्हर घेऊन पाहायचे असेल, तर गाव राजी झाल्याशिवाय काही करता येत नसे. अठराव्या शतकात आर्थर यंगसारख्या शेतीसुधारकांनी नेमके याच मुद्द्यांवर बोट ठेवले. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र कराव्यात, ज्याची त्याची जमीन कुंपणाने वेगळी करावी आणि प्रत्येकाने आपल्या बुद्धीने शेती करावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यातून इंग्लंडात एन्क्लोजरची, म्हणजे कुंपणबंदीची लाट आली. काही ठिकाणी ती गावकऱ्यांच्या आपसातल्या समझोत्याने झाली, पण पुढे मुख्य मार्ग पार्लमेंटचा ठरला. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून जास्त कुंपणबंदीचे कायदे मंजूर केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा हा पाचवा हिस्सा. आयुक्त येत, मोजणी करत, हक्क तपासत आणि नव्याने वाटप करत. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना एकत्रित तुकडे मिळाले. ज्यांच्याकडे गायरानावर एखादी गाय चारण्याची नुसती वहिवाट होती, त्यांच्या हाती बहुतेक वेळा काहीच आले नाही, किंवा आलेला तुकडा कुंपणाच्या खर्चापायी विकावा लागला. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टन गावासाठी असा कायदा १८०९ साली झाला. त्याच गावचा शेतमजूर-कवी जॉन क्लेअर याने नाहीशा झालेल्या माळाचे दुःख आपल्या कवितांत मांडले, आणि इंग्रजी वाङ्मयात कुंपणबंदीची बोच त्याच्यामुळे राहिली.

मग लॅक्स्टन कसे निसटले? पहिले म्हणजे ते पूर्णपणे निसटले नाही. अठराव्या शतकात शिवारांच्या कडेची बरीच जमीन हळूहळू कुंपणात गेली. शेजारच्या मूरहाउस वाडीची जमीन १८६०च्या सुमारास कुंपणबंदीत आली. उरलेल्या शिवारांच्या आड मालकीची गाठ आली. गावात एकटे पिअरपाँट मालक नव्हते. त्यांचा वंश पुढे अर्ल मॅनव्हर्स या किताबाने चालला, आणि दुसरीकडे स्कारबरोच्या अर्लची गावात बरीच जमीन होती. शिवाय छोटे स्वतंत्र जमीनमालक होतेच. कुंपणबंदी करायची तर आधी दोन्ही अर्लांनी जमिनींची अदलाबदल ठरवायला हवी होती. बोलणी चालली, अडली, पुन्हा चालली. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपले आणि धान्याचे भाव उतरले. आयुक्त, मोजणी, वकील, नवे रस्ते आणि मैलोन्मैल कुंपणे यांचा खर्च करून हाती किती येईल, हा प्रश्न अधिकच टोचू लागला. एक मालक तयार झाला की दुसऱ्याची अडचण, आणि दोघांचे जमले की बाजारभाव पडलेले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत अमेरिकेचा स्वस्त गहू आला आणि इंग्रजी शेती मंदीत सापडली. त्या काळात कुळे टिकवणे हेच जमीनदारांपुढचे मोठे काम झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅनव्हर्सने शेवटी हात घातला, पण कुंपणे घालायला नाही. त्याने पट्ट्यांची अदलाबदल करून अरुंद पट्ट्या एकत्र जोडल्या, संख्या कमी केली आणि पट्ट्या रुंद केल्या. शिवारे आणि पाळी जशीच्या तशी राहिली. विरोधाभास असा, की याच व्यवहारी फेरबदलाने जुनी पद्धत वाचली. चिमटीएवढ्या पट्ट्यांवर पुढे ट्रॅक्टर चालला नसता. १६३५ साली शिवारांत सुमारे १,९०० एकर होते. आज पाचशेच्या आसपास उरले आहेत. पण जे उरले ते कसण्याजोगे उरले.

नोव्हेंबरचा गुरुवार

कुंपण नाही, हद्द म्हणजे फक्त एक सरी किंवा कोपऱ्यावरची खुंटी. अशा जमिनीत बांध कोरणे किती सोपे, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. नांगराचा एक तास इकडे सरकला, की वर्षभरात शेजाऱ्याची हातभर जमीन आपल्याकडे. पाच वर्षे असेच चालले, की पट्टीच गायब. त्यामुळे ही शेती टिकायला खुंट्यांइतकेच खुंटीकडे लक्ष ठेवणारे डोळे लागतात. लॅक्स्टनमध्ये ते काम ‘कोर्ट लीट’ हे मध्ययुगीन जहागिरीचे न्यायालय करते.

नोव्हेंबरच्या अखेरीच्या गुरुवारी ज्युरीचा दिवस असतो. त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात ज्युरीने फिरायचे. ज्युरीत एक प्रमुख आणि बाकीचे पंच, आणि ते सगळे गावातलेच, म्हणजे बहुतेक जण त्याच शिवारात पट्ट्या कसणारे. ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसून, गारठ्यात, चिखल तुडवत ही मंडळी पट्टीपट्टीला उतरतात. जुनी खुंटी हललेली नाही ना? हरवली असेल तर जागा ठरवून नवी ठोकायची. नांगर साइकात किंवा गाडीवाटेच्या गवतात घुसला का? चर साफ आहेत का? पेरणी हद्दीच्या पलीकडे गेली का? एखादा शेतकरी आपल्याच पट्टीशी आला की जरा मागे राहतो आणि बाकीचे वाकून बघतात. चूक सापडली तर ज्युरीतला माणूसही सुटत नाही. दुपारी गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये जेवण, आणि तिथेच कोणाला किती दंड करायचा ते ठरते.

आठवड्याने त्याच पबमध्ये कोर्ट बसते. जमीनदाराचा कारभारी, म्हणजे प्रत्यक्षात एखादा वकील, अध्यक्षपदी बसतो. बेलिफ हजेरी पुकारतो, दंडाची यादी वाचली जाते आणि पुढच्या वर्षी गहू येणाऱ्या शिवारासाठी नवी ज्युरी शपथ घेते. दंड जेमतेम काही पौंडांचे. त्यांनी कुणी कंगाल होत नाही. पण ज्याचे नाव यादीत आले, त्याचे नाव सगळ्या गावासमोर, बियरच्या ग्लासांच्या खणखणाटात वाचले जाते, आणि पुढच्या वर्षी नांगर कुठे वळवायचा हे त्याला पक्के लक्षात राहते. शिक्षेचा खरा भाग हाच.

हे न्यायालय नाटकी नाही, याची कायदेशीर खूणही आहे. १९७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने न्यायव्यवस्थेतली जुनी अडगळ दूर करणारा कायदा केला आणि अशा पुरातन न्यायालयांचे अधिकार काढून घेतले. ठिकठिकाणची कोर्ट लीट तेव्हापासून निव्वळ समारंभापुरती उरली. त्या कायद्यात लॅक्स्टनचा अपवाद नाव घेऊन केलेला आहे, कारण इथे अजून खरोखरीचे काम चालू होते.

बघायला आलेले विद्वान आणि विकत घेणारे सरकार

गावाच्या शेतीला बाहेरच्या जगात नाव मिळाले ते १९३८ साली. ऑक्सफर्डच्या शेती-अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख चार्ल्स ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल यांनी लॅक्स्टनचा अभ्यास करून ‘द ओपन फील्ड्स’ हे पुस्तक लिहिले. तोवर इतिहासकार पट्ट्यांचा उगम समाजरचनेत आणि कायद्यात शोधत. ऑर्विनांनी उत्तर नांगरात शोधले. एकत्र जोताने दिवसभरात जेवढे नांगरून होई ती एक पट्टी. आज एकाची, उद्या दुसऱ्याची, परवा तिसऱ्याची. म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या विद्वानांनी या मताची बरीच चिकित्सा केली, तरी मुद्दा त्यांनी मातीवरून काढला होता हे नक्की. त्यांच्या पुस्तकानंतर लॅक्स्टन इंग्लंडच्या शाळकरी इतिहासाचा भाग झाले. पिअर्सचा नकाशा आणि समोरची शेते, दोन्ही एका वेळी दाखवता येतील असे दुसरे गाव नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या जहागिरी मोडू लागल्या. १९५२ साली शेवटच्या अर्ल मॅनव्हर्सने लॅक्स्टन सरकारच्या शेती मंत्रालयाला विकले. ही पद्धत मोडू नये एवढाच हेतू. एक सरकार विखुरलेल्या पट्ट्यांची मालकी घेते आणि कारखानी शेतीच्या काळात त्या तशाच राहाव्यात म्हणून कुळांना आडकाठी करत नाही, हे त्या काळात नवलाचेच होते. १९८१ साली सरकारने गाव क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्तांचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेकडे दिले. २०१८ सालाच्या सुमारास क्राउन इस्टेटलाही ते नकोसे झाले. गाव पुन्हा विक्रीला आले, आणि नवा मालक पट्ट्यांना भाव देईल की जमिनीला, अशी धास्ती सुरू झाली. २०२० साली थोर्सबी इस्टेटने ते विकत घेतले. थोर्सबी म्हणजे पिअरपाँट घराण्याचाच वारसा. कोर्टीनच्या वारसांकडून घेतलेले आणि तीनशे वर्षांनी सरकारला विकलेले गाव पुन्हा त्याच घराण्याच्या छपराखाली आले.

लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. कोर्टीनला गावाचे काही कौतुक नव्हते, त्याला हिशेब हवा होता. अर्लांना कुंपणे घालायचीच होती, जमले नाही. मॅनव्हर्सने पट्ट्या जोडल्या त्या सोयीसाठी. मंत्रालय आणि क्राउन इस्टेट यांनी चांगला हेतू ठेवला. पण नोव्हेंबरच्या चिखलात खुंट्या ठोकण्याचे काम कोणत्याही मालकाने केले नाही. ते करणारी मंडळी म्हणजे कुळे. विखुरलेल्या पट्ट्यांत ट्रॅक्टर फिरवताना डिझेल जास्त जाते, गव्हाला भाव असला तरी पाळीत त्या शिवारी गव्हाचे वर्ष नसेल तर गहू घेता येत नाही, आणि सगळ्या गावासमोर दंड भरावा लागतो. शिवाय शेती कसणाऱ्या घरांची संख्या कमी होत चालली आहे. बारा माणसांची ज्युरी भरायला गावात बारा शेतीजाणते लागतात.

इंग्लंडात कितीतरी किल्ले आणि चर्च आहेत, त्यांची डागडुजी करायला देणगीदार आणि संस्था पुढे येतात. लॅक्स्टनच्या वारशाची डागडुजी पैशाने होत नाही. ती दरवर्षी ठरलेल्या दिवशी प्रत्यक्ष शिवारात जाऊन करावी लागते, आणि कुणी एका वर्षी आळस केला तर पुढच्या वर्षी हद्द कुठे होती यावरच भांडण होते. म्हणून या गावाचे पुढे काय होईल, हे मालक कोण यावर थोडे आणि पबमध्ये ज्युरीची शपथ घ्यायला पुढच्या पिढीतले किती हात वर होतात यावर जास्त अवलंबून आहे.